दुसरी कात, पहिला घास

ऐका मुलांनो. आजची गोष्ट एका बाळाची आहे. ते ज्या अंड्यातून निघतं ते अंडं एवढंसं, की मिलिमीटरचे सात भाग केले तर त्यातला एक. आई ते समुद्रात सोडते आणि आपल्या वाटेने निघून जाते. उबवणं नाही, राखण नाही. दिवस-दोन दिवसांत कवच फुटतं आणि आतलं पिल्लू पाण्यात येतं. वर उजेड, खाली काळोख, चहूकडे पाणीच पाणी.

याची आई कोण? तर उत्तर अटलांटिक समुद्रात राहणारी कॅलॅनस. पुरं नाव कॅलॅनस फिनमार्किकस. कोळंबी, चिंबोरी, शेवंड यांच्याच गणगोतातली, पण लांबीला जेमतेम तीन मिलिमीटर. असल्या बारक्या प्राण्यांना कोपेपॉड म्हणतात. पाण्याच्या ओघाबरोबर वाहत राहणाऱ्या जिवांना प्लवक हे नाव आहे, आणि समुद्रातल्या प्राणिप्लवकांत या कोपेपॉडांचीच गर्दी सर्वांत मोठी. हेरिंग मासा यांना खातो. राइट व्हेल नावाचा प्रचंड देवमासासुद्धा यांच्यावरच पोसला जातो.

पिल्लू मात्र आईसारखं मुळीच दिसत नाही. अंग म्हणजे एक गोळा, त्याला अवयवांच्या तीन जोड्या, आणि कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा. ओटो फ्रेडरिक म्युलर नावाचा डेन्मार्कचा मोठा निसर्गअभ्यासक होता. त्याने अशी पिल्लं पाहिली आणि हा कोणी स्वतंत्र प्राणीच आहे असं समजून १७८५ साली त्याचं नाव ठेवलं नॉप्लियस. पुढे कळलं की ही तर कोपेपॉडांचीच लेकरं. पण नाव चिकटलं ते कायमचं. आज जगभर या बाळांना नॉप्लियसच म्हणतात.

नॉप्लियसचे टप्पे सहा. त्यानंतर हळूहळू आईचं रूप येऊ लागतं, ते आणखी पाच. मग प्रौढ. म्हणजे मोठं व्हायला अकरा वेळा कात टाकायची. खायला-प्यायला नीट मिळालं तर हे सगळं साधारण महिनाभरात उरकतं. आता तुम्ही म्हणाल, खायला कोण देतं? तीच तर गोष्ट आहे.

पहिल्या दोन टप्प्यांत बाळ काहीच खात नाही. अंड्यात आईने जो बलक भरून दिलेला असतो, त्यावर भागतं. पहिली कात टाकली, बलक थोडा उरला. दुसरी कात टाकली, बलक संपत आला. आणि तिसऱ्या टप्प्यात पाय ठेवल्याबरोबर त्याला आयुष्यातला पहिला घास स्वतः मिळवावा लागतो. हा टप्पा इतरांपेक्षा रेंगाळतो. इथे काही दिवस अन्न मिळालं नाही, तर एक वेळ अशी येते की पुढे अन्न समोर आलं तरी उपयोग होत नाही. अंगात ते पकडायचं बळच उरलेलं नसतं.

अन्न म्हणजे शैवल. विहिरीच्या पायऱ्यांवरचं हिरवं शेवाळ डोळ्यांसमोर आणू नका. समुद्रातली ही शैवलं एकेका पेशीची असतात. काही पाच मायक्रॉनची, काही शंभराची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काहींना पोहायला शेपटासारखे धागे असतात, काही नुसती तरंगतात. काहींच्या अंगावर चक्क काचेचं कवच असतं. या काचेच्या कवचवाल्यांना डायाटम म्हणतात. त्यांतल्या एकाचं नाव लक्षात ठेवा: स्केलेटोनेमा. बारीक काचेच्या दांड्यांनी याच्या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची माळ दिसते. हा आपल्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि दर वेळी निराळं रूप घेऊन येणार आहे.

आधी, घास पकडतात कसा ते पाहू. आपण पाण्यात हात मारला की पाणी बाजूला होतं, कारण आपण मोठे आहोत. पाव मिलिमीटरच्या बाळाला तेच पाणी काकवीसारखं घट्ट लागतं. पाय हलवायचा थांबवला की बाळ जागच्या जागी थांबतं, पुढे सरकत नाही. एखाद्या पेशीवर झडप घालावी, तर पुढे सरकणारं चिकट पाणीच त्या पेशीला दूर ढकलतं. मोठ्या कोपेपॉडांबद्दल पूर्वी असा समज होता की ते पायांवरच्या केसांतून पाणी गाळून घेतात आणि उरेल ते खातात. मिमी केल आणि रुडी स्ट्रिकलर या दोघांनी सेकंदाला ५०० चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांचं जेवण चित्रित केलं आणि १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं ते फार वेगळं होतं. कोपेपॉड पाय हलवून पाण्याचा एक संथ ओघ स्वतःकडे वळवतो. त्या ओघात एखादी पेशी आली की तोंडाजवळचे दोन अवयव झटकन उघडतात, पेशीसकट पाण्याचा तेवढाच थेंब आत ओढून घेतात आणि मिटतात. एकेक पेशी हेरून धरलेली.

हेरतात कशी? वासाने. १९७८ साली सर्ज पूले आणि मार्सो या दोघांनी अतिशय बारीक गोळ्या बनवल्या. काही गोळ्यांत शैवलाचा अर्क भरला, काही तशाच ठेवल्या, आणि दोन्ही कोपेपॉडांच्या पाण्यात सोडल्या. आकार सारखा, तरीही कोपेपॉडांनी अर्काच्या गोळ्या पसंत केल्या. डोळा असा काय तो एक ठिपका, पण चव आणि वास यांची जाण इतकी पक्की. मला हा प्रयोग फार आवडतो. एका साध्या प्रश्नाला इतकं साधं आणि सरळ उत्तर क्वचित मिळतं.

आणि दात? हो, दातही असतात. मोठ्या कोपेपॉडाच्या जबड्याच्या कडेला जे दात असतात, त्यांच्या टोकांवर सिलिकाचं आवरण असतं. सिलिका म्हणजे डायाटमचं कवच ज्याचं बनतं तेच द्रव्य. काच फोडायला काचेचेच दात! बाळाकडे मात्र हे काही नसतं. त्याच्याजवळ तीनच जोड्या. त्यांनीच पोहायचं आणि त्यांनीच घास तोंडाशी आणायचा. म्हणून बाळाला आईच्या ताटातलं सगळं चालत नाही. शंभर मायक्रॉनचा काटेरी डायाटम आईला मेजवानी, बाळाच्या तोंडात तो मावतच नाही. आणि दोन मायक्रॉनची पेशी इतकी बारीक की ती धरताच येत नाही.

आता तुम्हाला स्कॉटलंडला नेतो. तिथे क्लाइड नदीच्या मुखाशी ग्रेट कम्ब्रे नावाचं लहानसं बेट आहे, आणि त्या बेटावर मिलपोर्ट हे गाव. गावात समुद्रजीवांच्या अभ्यासाचं केंद्र होतं. १९२२ मध्ये तिथे शीना मार्शल नावाची २६ वर्षांची मुलगी कामाला आली. वर्षभराने अँड्र्यू ऑर हा रसायनशास्त्रज्ञ आला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं या दोघांनी बरोबर काम केलं, आणि त्यातला बराच काळ या तीन मिलिमीटरच्या प्राण्यासाठी दिला. १९५५ मध्ये त्यांनी कॅलॅनसवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. कॅलॅनसचा अभ्यास करणारे आजही ते उघडतात. १९४९ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने पहिल्यांदाच स्त्रियांना सभासद करून घेतलं, त्या पहिल्या पाच जणींत मार्शलबाई होत्या.

सुरुवातीला दोघं जवळच्या लॉख स्ट्रायव्हन या डोंगरांमधल्या खाऱ्या खाडीत वारंवार जात, निरनिराळ्या खोलीवरचं पाणी आणत, त्यातली खनिजं मोजत, पेशी मोजत. वसंत ऋतूत दिवस मोठा झाला की त्या पाण्यात एकाएकी शैवलांचा पूर येई. त्या पुरात सर्वांत जास्त कोण? आपला स्केलेटोनेमा. आणि कॅलॅनसच्या माद्या अंडी घालायला लागत त्या त्याच सुमारास. मादीला उपाशी ठेवलं की अंडी कमी होत होत थांबत. डायाटम दिले की पुन्हा सुरू. पण कुठलंही शैवल दिलं म्हणजे भागलं असं नव्हतं. काही शैवलं तिने खाल्ली तरी अंडी उपाशी मादीइतकीच.

मग प्रश्न आला बाळांचा. बाळ खातंय की नाही, आणि किती, हे समजणार कसं? मोठ्या कॅलॅनसचं एक बरं असतं. पोट भरलं की काही मिनिटांत विष्ठेची लांबट गोळी पडते, ती मोजता येते. बाळाच्या बाबतीत हे कठीण. तेव्हा नुकताच किरणोत्सारी फॉस्फरस संशोधकांच्या हाती आला होता. त्याचं किरणोत्सर्जन १४ दिवसांत निम्मं होतं. मार्शल आणि ऑर यांनी शैवलं त्या फॉस्फरसमध्ये वाढवली. शैवलांनी तो आपल्या अंगात घेतला. ती शैवलं बाळांना दिली, मग बाळं धुऊन मोजणी-यंत्राखाली ठेवली. बाळाच्या अंगातून जितके किरण, तितका त्याने घास घेतलेला! १९५६ साली हे काम प्रसिद्ध झालं. पहिल्या दोन टप्प्यांची बाळं कोरी निघाली, आणि तिसऱ्यापासून पुढच्यांच्या अंगात फॉस्फरस उतरलेला होता. डोळ्यांना नीट न दिसणाऱ्या जिवाचा पहिला घास असा मोजला गेला.

पुढच्या पिढीने ही बाळं प्रयोगशाळेत वाढवायला घेतली. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेत मायकेल मुलिन आणि एलेन ब्रूक्स यांनी कोपेपॉडांची अंडी ते प्रौढ अशी वाढ करून दाखवली. तिथेच गुस्ताव पाफेनहोफर याने शैवल तळाशी बसू नये म्हणून बरण्या हळूहळू फिरत्या ठेवल्या. मग एकाच आईच्या बाळांना निरनिराळं शैवल देता आलं. तेव्हा ध्यानात आलं ते असं: अन्न थोडं असेल तर दोन कातींमधलं अंतर लांबतं आणि प्रौढ झालेला प्राणी अंगाने लहान राहतो. एवढं तर आपणही सांगितलं असतं. पण अन्न भरपूर असूनही बाळ खुरटतं, हे पाहून लोक विचारात पडले.

ड्युनालिएला नावाचं हिरवं शैवल आहे. मिठागरांतही ते वाढतं. आकार बाळाच्या तोंडाजोगा, अंगावर कवच नाही, वाढवायला अगदी सोपं. नुसत्या ड्युनालिएलावर ठेवलेली कोपेपॉडांची बाळं मात्र धड वाढत नाहीत. पोटात हिरवा रंग दिसतो, म्हणजे खातात, पण अंगी लागत नाही. त्यांनाच आयसोक्रायसिस किंवा ऱ्होडोमोनास ही दुसरी शैवलं दिली तर भराभर कात टाकतात. फरक होता चरबीत. ईपीए आणि डीएचए अशी दोन मेदाम्लं आहेत. पेशींची आवरणं, डोळे, मज्जा यांना ती लागतात. प्राण्यांना ती स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत, खाण्यातून मिळवावी लागतात. ड्युनालिएलात ती नसतात म्हटलं तरी चालेल. डायाटममध्ये ईपीए पुष्कळ, आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगलं, ऱ्होडोमोनासमध्ये दोन्ही. म्हणून समुद्रात ज्या बाळाला चार प्रकारचं शैवल मिळतं ते सहसा एकाच प्रकारावर जगणाऱ्यापेक्षा सुखी.

हे आयसोक्रायसिस सापडलं त्याचीही हकीकत ऐका. आयल ऑफ मॅन बेटावर पोर्ट एरिन इथे मेरी पार्क नावाच्या संशोधिकेने १९३८ मध्ये समुद्राच्या पाण्यातून पाच मायक्रॉनची ही सोनेरी पेशी वेगळी काढली. तिथे कालवांची पिल्लं वाढवायची खटपट चालू होती. कालव मोठं झालं की खडकाला चिकटतं, पण बाळपणी तेही प्लवकच, पाण्यात तरंगणारं. या शैवलावर ती पिल्लं वाढली. आज जगभरच्या शिंपल्यांच्या आणि माशांच्या बीज-केंद्रांत याच्या बरण्या असतात.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो सहसा कोणी सांगत नाही. शैवल तेच, तरी ते कसं वाढलं यावर त्याचा कस ठरतो. डेन्मार्कच्या थॉमस क्योरबो यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की नायट्रोजन भरपूर मिळून झपाट्याने वाढलेला डायाटम खाल्ला तर अकार्शिया नावाच्या कोपेपॉडाच्या माद्या जास्त अंडी घालतात. तोच डायाटम नायट्रोजनवाचून रखडत वाढला असेल तर अंडी कमी. म्हणजे उपासमार झालेलं शैवल खाणाऱ्यालाही अर्धपोटी ठेवतं.

आता स्केलेटोनेमाचं दुसरं रूप. इटलीत नेपल्सला समुद्रकाठी अँटोन डोर्न यांनी १८७२ मध्ये स्थापलेलं प्राणिशास्त्र केंद्र आहे. तिथे अँटोनिओ मिराल्टो, एड्रियाना इयानोरा आणि त्यांचे सोबती कोपेपॉडांना डायाटम खायला घालत होते. मघाचे वासाच्या गोळ्यांवाले पूलेही त्यांच्यात होते. माद्या आनंदाने खात होत्या, ढीगभर अंडी घालत होत्या. पण अंडी फुटत नव्हती, किंवा वेडीवाकडी पिल्लं निघत होती आणि मरत होती. १९९९ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आलं. कारण असं निघालं: काही डायाटमची पेशी दाताखाली चिरडली गेली, की तिच्यातल्या मेदाम्लांपासून क्षणार्धात अल्डिहाइड नावाची द्रव्यं बनतात. खाणारीला त्यांचा त्रास जाणवत नाही. पण ती द्रव्यं अंड्यात वाढणाऱ्या गर्भाच्या पेशींची विभागणी थांबवतात. २००४ मध्ये त्यांनी ॲड्रियाटिक समुद्रातल्या स्केलेटोनेमाच्या पुरातही असंच घडताना दाखवलं. ज्या चरबीसाठी खायचं, तिच्यातूनच विष. आणि ते खाणारीला न मारता तिची पुढची पिढी मारतं. डायाटमच्या बाजूने पाहिलं, तर उद्या आपल्याला खाणारेच कमी!

पण लगेच निवाडा करू नका. झाव्हिएर इरिगोएन आणि इतर अनेकांनी २००२ मध्ये जगाच्या निरनिराळ्या समुद्रांतले आकडे एकत्र मांडले. खुल्या समुद्रात डायाटम जास्त म्हणून अंडी कमी फुटली असं काही त्यात दिसलं नाही. मला वाटतं, दोन्ही बाजू खऱ्या आहेत. बाटलीत मादीला एकच पदार्थ मिळतो. समुद्रात ती वासाने निवडते आणि चार ठिकाणचं खाते. पुरात जेव्हा निवडायला दुसरं काही उरतच नाही, तेव्हा मात्र घात होतो.

तिसरं रूप जपानचं. मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३४ मध्ये कुरुमा कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवली. कोळंबीचा नॉप्लियसही बलकावर जगतो. मात्र तिच्यात सहाच्या सहा टप्पे उपाशी, आणि खाणं सुरू होतं ते त्यानंतरच्या झोइया अवस्थेत. तिथे येऊन पिल्लं मरत. फुजिनागांनी त्यांना वाढवलेला स्केलेटोनेमा दिला आणि ती जगली. १९४२ मध्ये त्यांनी ही सगळी कहाणी प्रसिद्ध केली. आजची कोळंबीशेती त्यावर उभी आहे. नेपल्सला जो घातकी ठरला, तो जपानच्या कोळंबीला तारक. आपल्याकडे आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीची बीज-केंद्रं आहेत. तिथे झोइयाला बहुतेक कीटोसेरॉस नावाचा डायाटम देतात. काम करणारे लोक काचेच्या भांड्यात पाणी घेऊन उजेडात धरतात. झोइयाच्या मागे विष्ठेचा लांब धागा लोंबत असेल तर पिल्लू खातंय. धागा नसेल तर त्या टाकीकडे लगेच लक्ष द्यायचं.

आणि बाळाने नीट खाल्लं तर पुढे काय होतं? आपलं कॅलॅनसचं बाळ उन्हाळा संपायच्या आत नॉप्लियसनंतरच्या पाचव्या कोवळ्या टप्प्याला पोचतं. त्याच्या पाठीत तेलाची एक लांब पारदर्शक पिशवी भरते. शैवलातून आलेली चरबी तिथे मेणासारख्या रूपात साठते. मग ते शेकडो मीटर खोल काळोखात उतरतं आणि हिवाळा तिथे न खातापिता काढतं. पण सगळीच बाळं तिथवर जात नाहीत. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ मार्च-एप्रिलमध्ये कॉड मासा अंडी घालतो. कॉडच्या पिल्लांचा पहिला घास कोणता? कॅलॅनसचा नॉप्लियस! योहान हयोर्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच म्हटलं होतं, की एखाद्या वर्षी मासे उदंड का आणि पुढच्या वर्षी दुष्काळ का, याचं उत्तर माशांच्या पिल्लांच्या पहिल्या जेवणात शोधायला हवं. शैवल लवकर आलं आणि नॉप्लियस उशिरा, किंवा नॉप्लियस आले आणि कॉडची पिल्लं उशिरा, तर मच्छीमारांना त्याचा हिशेब काही वर्षांनी जाळ्यात दिसतो.

आपल्या अरबी समुद्रात कॅलॅनस फिनमार्किकस नाही. दुसरे कोपेपॉड मात्र भरपूर आहेत, आणि बांगडा ते खातो. बांगड्यातलं जे डीएचए डॉक्टर चांगलं म्हणून सांगतात, ते बांगड्याला कोपेपॉडांकडून येतं, आणि कोपेपॉडाला शैवलाकडून. स्केलेटोनेमाही आपल्याकडे आहे. गोव्यात दोना पावलाच्या पाण्यात पावसाळ्यात तो जोमाने वाढतो. तिथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले लोक त्याच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून आहेत.

तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल, तर पाऊस ओसरल्यावर मोठ्या माणसांबरोबर जेटीवर जा. बारीक विणीच्या नायलॉन कापडाची पिशवी दोरीला बांधून पाण्यातून संथपणे ओढा, आणि पिशवीच्या तळाशी उरलेलं पाणी बाटलीत घेऊन त्याच दिवशी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. झटके देत पळणारा एकडोळ्या गोळा दिसला तर तो नॉप्लियस. दिसेल तसं त्याचं चित्र काढा, पोटात रंग आहे का ते टिपा, आणि खाली तारीख नि भरतीची वेळ लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाणी आणा.